ऑक्टोबर हीटमध्ये अस्वल कुठे सापडतं?

(हा एपिसोडचा लेखी मजकूर आहे. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" जमतील तेवढे काढलेत. काही राहिलेत, सांभाळून घ्या.)

आज जरा वेगळा विषय. मागच्या आठवड्यात एका श्रोत्याने मला एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला आहे. सप्टेंबरचा महिना, कडक ऊन, आणि एक माणूस काळ्या अस्वलाच्या शिकारीला निघालाय. अर्धा तास तो फक्त हेच सांगतो की एवढ्या गरमीत अस्वल कुठे दडून बसलेलं असतं. खाली श्रोत्याने लिहिलंय, "दादा, आपल्याकडे पण ऑक्टोबर हीट असते. आपल्याकडचं अस्वल असंच शोधता येईल का?"

आता पहिलं उत्तर आधीच देऊन टाकतो. शोधता येईल. मारता येणार नाही. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, १९७२ च्या, अस्वल अनुसूची १ मध्ये आहे, वाघाच्याच यादीत. शिकार केली तर कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि वर किमान २५ हजार दंड. आणि "मी तर गोळी झाडलीच नाही" असं म्हणून सुटका नाही. जनावराला हाकारा घालणं, फासा लावणं, आमिष ठेवणं, यातला नुसता प्रयत्न केला तरी कायद्याच्या भाषेत ती शिकारच. तिकडे अमेरिकेत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या भागात हे चालतं. काही राज्यांत आमिष लावायलाही परवानगी आहे. इथे नाही. तेव्हा बंदुकीचा विषय इथेच संपला.

पण शोधण्याचा विषय मला सोडवत नाही, कारण तो माझ्या घरातला आहे.

माझं गाव वैशाखरे. मुरबाडहून माळशेजला जाताना टोकावडे मागे टाकलं की लागतं. नाणेघाटाच्या ट्रेकला तुमच्यातले बरेच जण तिथेच उतरले असाल. आमच्या रानात मी अस्वल कधी पाहिलं नाही. आमच्याकडची चर्चा बिबट्याची आणि रानडुकराची. पण माझे आजोबा त्यांच्या तरुणपणी, कायदा यायच्या आधी, गावातल्या मंडळींबरोबर डुकराच्या हाक्याला जायचे. मी लपवत नाही, तेव्हा तसंच होतं. ते एक वाक्य नेहमी म्हणायचे, "आरं, जनावर डोळ्यांनी नाय शोधायचं, पोटानं शोधायचं." म्हणजे त्याचं पोट आज कुठे भरतंय ते आधी बघ, मग तो कुठे असेल ते कळेल. मी इंजिनीअरिंग केलं, सर्चिंगचे अल्गोरिदम शिकलो, आणि मला कळलं की आजोबा तेच सांगत होते. सगळं रान पालथं घालायचं नाही. शोधायची जागा आधी कमी करायची.

तर आधी त्या व्हिडिओतला माणूस जागा कशी कमी करतो ते बघू. अमेरिकेतलं काळं अस्वल थंडीत बिळात जाऊन पडून राहतं. त्यामुळे त्याआधी ते वेड्यासारखं खातं. दिवसाला २० हजार कॅलरीपर्यंत जातं ते. आपण दोन-अडीच हजारांवर जगतो. म्हणजे गरमी असो नसो, त्याला खायला बाहेर पडावंच लागतं. पण अंगावर जाड काळी फर, आणि आपल्यासारखा घाम येत नाही. मग ते दुपारभर डोंगराच्या उत्तरेकडच्या उतारावर, दाट झाडीत, ओढ्याच्या काठाला पडून राहतं आणि पहाटे व संध्याकाळी बेरी किंवा ओकची फळं जिथे पिकलीत तिथे येतं. शिकारी काय करतो, तर समोरच्या डोंगरावर दुर्बीण घेऊन बसतो आणि वाट बघतो. तिकडच्या पश्चिमेच्या कोरड्या राज्यांत सप्टेंबरात पाणी कमी असतं, म्हणून पाण्याची जागा हा त्याचा सगळ्यात मोठा क्लू.

आणि इथेच आपलं गणित त्याच्यापेक्षा वेगळं होतं.

आपल्याकडे ऑक्टोबरात पाणी सगळीकडे आहे. पाऊस आत्ताच गेलाय. ओढे वाहतायत, डबकी भरलेली आहेत. तुम्हाला माहीत असेल, बुद्धपौर्णिमेला वनविभाग लोकांना पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसवतो आणि रात्रभर प्राण्यांच्या नोंदी घेतात. ते मे महिन्यात का, तर तेव्हा रानात पाण्याच्या मोजक्याच जागा उरतात आणि जनावराला तिथे यावंच लागतं. तेच मचाण ऑक्टोबरात बांधलंत तर रात्रभर डास मारत बसाल. गरमी दोन्ही वेळेला आहे, पण मे महिन्यातली गरमी तुम्हाला जागा सांगते. ऑक्टोबरची गरमी फक्त वेळ सांगते. जागा पोट सांगतं.

आता आपलं अस्वल खातं काय? आपलं म्हणजे इंग्रजीत ज्याला स्लॉथ बेअर म्हणतात ते. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, बुलढाण्याचं ज्ञानगंगा, आणि इकडे सह्याद्रीत खाली कोयना-चांदोलीकडे. (हे नाव कसं पडलं तेही मजेशीर आहे. १७९१ साली जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याची लांब नखं आणि दात बघून हा दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथचाच भाऊबंद आहे असं ठरवलं. चूक लवकरच कळली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. प्रॉडक्शनमध्ये गेलेलं चुकीचं व्हेरिएबलचं नाव कोणी बदलत नाही, तसंच.)

हे अस्वल थंडीत झोपून राहत नाही, बारा महिने फिरतं. फळं मिळाली की फळं, म्हणजे मोह, जांभूळ, टेंभुर्णी, बोरं, उंबर. मधाचं मोहोळ दिसलं की झाडावर चढणार. पण त्याची खरी स्पेशालिटी वाळवी आणि मुंग्या. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतातच. वारूळ नखांनी फोडायचं, माती फुंकून उडवायची, नाकपुड्या बंद करायच्या, ओठांची नळी करायची आणि व्हॅक्यूम क्लीनरसारखी वाळवी ओढायची. तो फुंकण्या-ओढण्याचा आवाज शांत रानात शंभर मीटरच्या पुढेही ऐकू येतो. पावसानंतर माती मऊ असते, वारूळ फोडायला सोपं. ऑक्टोबरात काही भागांत डोंगरावरची सीताफळं पिकतात. रानाच्या कडेला मका, भुईमूग उभा असतो. हे झालं पोटाचं.

वेळेचं बघा. अंगावर लांब काळे केस असले तरी त्याला थंड देशातल्या अस्वलांसारखा आतला लोकरी थर नसतो, म्हणून ते आपल्या उन्हाळ्यात टिकतं. तरी दुपारी ते खडकाच्या कपारीत, गुहेत, नाल्याच्या गचपणात, घाणेरीच्या जाळीत जाऊन पडतं. २३ सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, म्हणजे दक्षिणेचा उतार तापतो आणि उत्तरेचा त्यामानाने गार राहतो. इथे अमेरिकेतल्या भाऊंचं बरोबर आहे. ऊन कलल्यावर अस्वल बाहेर येतं आणि रात्रभर चरतं. अपवाद पिल्लंवाली मादी. ती पुष्कळदा दिवसाही फिरते, कारण रात्री वाघ-बिबट्या आणि मोठे नर, सगळेच तिच्या पिल्लांच्या जिवावर.

हे सगळं मी वाचून सांगतोय असं नाही. कॉलेजचा माझा एक रूममेट खामगावचा. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात त्याच्याकडे गेलो होतो. बुलढाणा आणि खामगावच्या मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे. टिपेश्वरहून हजारो किलोमीटर चालत आलेला 'वॉकर' वाघ २०१९ मध्ये जिथे पोचला, तेच. तिथे वाघापेक्षा अस्वलाचं नाव मोठं. परवानगी आणि गाईड घेऊन आत गेलो. सकाळी तीन गोष्टी दिसल्या. फोडलेलं वारूळ, वरून खाली निमुळता होत गेलेला खड्डा, माती अजून ओली. वाळूत पाच बोटांचा ठसा, बोटं जवळजवळ एका ओळीत आणि नखांच्या खुणा बोटांच्या बऱ्याच पुढे. आणि विष्ठा, त्यात बिया आणि किड्यांची टरफलं. गाईड दादा म्हणाले, "आता दुपारी फिरून काही उपयोग नाही. संध्याकाळी समोरच्या टेकडीवर लक्ष ठेवू." पावणेसहाला समोरच्या उतारावर एक काळा ठिपका हलला. दुर्बिणीतून बघितलं तर अस्वल, छातीवरचा पांढरा पट्टा एकदा दिसला. तीन-चार मिनिटं, मग उजेड गेला. माझ्या मोबाईलच्या फोटोत नुसता एक काळा पिक्सेल आहे. ट्रिपमधला सगळ्यात भारी फोटो तोच.

रात्री मित्राच्या घरी जेवताना त्याचे एक लांबचे काका आले होते. त्यांना एक डोळा नाही आणि डोक्याच्या मागे कानापर्यंत जखमेची खूण आहे. मी संध्याकाळचा किस्सा उत्साहाने सांगत होतो. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुम्हाला समोरच्या टेकडीवर दिसलं. मला दहा फुटांवर दिसलं." पहाटे सोयाबीन बघायला बांधाबांधाने चालले होते, एकटेच. बांधाच्या पलीकडे ते वारूळ फोडत होतं. वारा त्याच्याकडून यांच्याकडे, म्हणजे यांचा वास त्याला नाही. त्याच्या स्वतःच्याच आवाजात यांच्या पावलांचा आवाज बुडाला. नजर तशीही त्याची बेताची. दोघांनी एकमेकांना एकदमच बघितलं.

त्यांच्याशी बोलल्यावर मला तो व्हिडिओवाला फंडा उलटा दिसायला लागला. अस्वल आपल्यामागे येत नाही. अचानक जवळ माणूस दिसला की ते पळण्याऐवजी अंगावर येतं, उभं राहून चेहऱ्यावर आणि डोक्यावर वार करतं. छत्तीसगडमध्ये बिलासपूर भागातल्या अभ्यासात १९९८ ते २००० या काळात अस्वलांनी १३७ माणसांवर हल्ले केल्याची नोंद आहे, त्यात ११ जण गेले. म्हणजे बहुतेक जण वाचतात, पण कसे वाचतात ते मी त्या रात्री समोर बसून पाहिलं. आणि ऑक्टोबर यासाठी वाईट महिना आहे. गवत डोक्याइतकं, पीक उभं, समोरचं काही दिसत नाही. दुपारी ऊन म्हणून माणूसही पहाटे आणि संध्याकाळीच रानात जातो. अस्वलाचं आणि शेतकऱ्याचं टाइमटेबल एकच होऊन बसतं.

त्यामुळे अस्वलाच्या भागात तुमचं शेत असेल, ट्रेकला जात असाल, तर शोधायचे सगळे क्लू टाळायला वापरा. ओली माती असलेलं फोडलेलं वारूळ दिसलं की तिथून मागे फिरा. पहाटे बांधावर एकटं जाऊ नका, गेलात तर बोलत, खाकरत, काठी आपटत जा. काठीला घुंगरू बांधलं तर आणखी बरं. दुपारी सावली हवी म्हणून कपारीत किंवा गुहेत शिरू नका, ती कोणाची तरी बुक केलेली खोली असू शकते. आणि प्लीज, रानात दोन्ही कानांत इअरबड घालू नका. माझा पॉडकास्ट चालू असेल तरी नको. ते फुंकण्याचा आवाज शंभर मीटरवरून ऐकू येतो म्हटलं ना, ती तुमची फुकटची वॉर्निंग आहे.

समोर आलंच तर पळू नका, ते तुमच्यापेक्षा जोरात पळतं. झाडावर चढून फायदा नाही, त्यालाही चढता येतं. लांब असेल तर हळूहळू मागे सरका. अंगावर आलंच तर पालथं पडायचं, चेहरा जमिनीला, दोन्ही हात मानेमागे गुंफून, पाठीवर सॅक असेल तर राहू द्यायची. ते निघून जाईपर्यंत हलायचं नाही. काका तेच म्हणाले, "डोळा पहिल्या फटक्यात गेला. नंतर पालथा पडलो म्हणून बाकीचा राहिलो."

काका अजून त्याच शेतात जातात. आता नऊच्या पुढे, ऊन वर आल्यावर, आणि रेडिओ लावून. मी विचारलं, राग येत नाही का अस्वलाचा? ते म्हणाले, "त्याला वाळवी खायची होती, मला सोयाबीन बघायचं होतं."