टाळ, अभंग आणि रविवारची उपासना

चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो ऑर्गन, मेणबत्त्या आणि नाताळचा केक. पण नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळींनी दीडशेहून अधिक वर्षं देवाला हाक मारली ती आपल्याच सुरात. उपासना ‘अर्थपूर्ण’ कशाने होते, याचं उत्तर शोधायचं तर एक चक्कर नगरला मारायलाच हवी!

रविवारची सकाळ. डोळे मिटून बसा. पेटीचा सूर लागलाय, तबल्यावर भजनी ठेका, मध्येच टाळ. मागच्या बाकावरच्या आजी टाळी देत चरण घोळवतायत. शब्द पुरते कानात शिरेपर्यंत तुम्ही पैज लावाल, की हे विठ्ठलाचं मंदिर आहे. आता डोळे उघडा. समोर क्रूस आहे, आजींच्या मांडीवर ‘उपासना संगीत’ची कव्हर निघालेली प्रत आहे आणि बाहेर पडताना लोक एकमेकांना म्हणतायत, ‘जय ख्रिस्त’!

हे नगर. म्हणजे अहमदनगर, 2024 पासून अधिकृतपणे अहिल्यानगर, पण एसटीच्या कंडक्टरसाठी आणि आपल्यासाठी अजूनही नुसतं ‘नगर’. पुण्यापासून जेमतेम 120 किलोमीटर. आपण ते ओळखतो शिर्डीमुळे, शनिशिंगणापूरमुळे, नाहीतर भुईकोट किल्ल्यामुळे. पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या भक्तीचा सूर सापडला तोही इथेच.

सध्या ‘मीनिंगफुल’ हा शब्द आपण फार सढळ वापरतो. मीनिंगफुल जॉब, मीनिंगफुल रिलेशनशिप... मग मीनिंगफुल उपासना म्हणजे काय बुवा? चांगला साउंड? चांगलं भाषण? नगरची गोष्ट याचं थोडं वेगळं उत्तर देते.

उसन्या चाली, आपले शब्द

अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले 1831च्या डिसेंबरात. 1833 मध्ये इथे पहिली मंडळी स्थापन झाली. (मंडळी म्हणजे चर्चमध्ये जमणारा समुदाय. ‘काय मंडळी’मधली नव्हे!) ‘ज्ञानोदय’ हे मराठीतलं जुनं नियतकालिकही 1842 मध्ये इथूनच सुरू झालं.

शाळा निघाल्या, छापखाना आला. पण गाण्याचं काय? पाश्चात्त्य चालीवर मराठी शब्द बसवायचे तर ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, आघात भलत्याच अक्षरावर पडतो. आपण इंग्रजी गाण्याच्या चालीवर मराठी वाढदिवसाचं गाणं म्हणतो ना, तसं. म्हणता येतं, पण आतून येत नाही. शिवाय खेड्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. पुस्तक हातात देऊन उपयोग काय?

उत्तर समोरच होतं. कीर्तन! 1860 च्या दशकात नगर भागात ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी देशी चालींवर गीतंही रचली. फॉरमॅट तोच, आपल्या ओळखीचा. कीर्तनकार उभा, मागे पेटी आणि तबला, हातात चिपळ्या. थोडी गोष्ट, थोडं गाणं, मध्ये साकी, दिंडी, ओवी, अभंग. ध्रुपद लोकांनी उचलायचं. फक्त आख्यान बायबलमधलं. बापाकडून वाटणी मागून घर सोडून गेलेला, सगळं उधळून परत आलेला मुलगा... ही गोष्ट गावातल्या कोणत्या घराला नवी आहे? रात्री जेवणं उरकून चावडीपुढे बसलेल्या माणसाला ती कळायला वाचता येण्याची गरजच नव्हती.

तसा हा प्रयोग मराठीला अगदीच नवा नव्हता. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्येच छापून झालं होतं, सुमारे 11 हजार ओव्यांचं. पण तो ग्रंथ ऐकायचा होता. कीर्तनात ऐकणाऱ्यालाही गावं लागतं.

तुकारामाच्या पुलावरून

‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता शाळेत डोळ्यांत पाणी आणायची, आठवतं? तिचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना मार्क मिळण्यापुरतं ओळखतो. मलाही कॉलेज संपेपर्यंत पत्ता नव्हता, की याच माणसाची दोनशेहून अधिक गीतं मराठी चर्चमध्ये गायली जातात.

टिळक जन्मले 1861 मध्ये, कोकणातल्या ब्राह्मण घरात. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात आकांत झाला, बायको-मुलाची ताटातूट झाली. पुढे नगर हीच त्यांची कर्मभूमी झाली. इथे त्यांनी भावी पाळकांना शिकवलं, कविता लिहिल्या, बालकवींसारख्या तरुण कवीला काही काळ घरात ठेवून घेतलं.

आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. हे नुसतं छान वाक्य नव्हतं. त्यांनी देव बदलला, पण भक्तीची भाषा टाकून दिली नाही. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो, तसं टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हटलं, गुरू म्हटलं. रुसणं, मागणं, शरण जाणं हे सगळं अभंगाच्या घाटात आलं. परका वाटणारा देव एकदम घरातला झाला.

1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, सातारा गाठला आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. ख्रिस्ताच्या भक्तांचं असं कुटुंब, ज्याला परदेशी छापाची गरज नाही. स्वप्न मोठं होतं, वेळ थोडा. 9 मे 1919 ला ते गेले. गीतं मात्र उरली.

एक भाकर, एक प्याला

पण थांबा. उपासना म्हणजे फक्त गाणं असतं तर गोष्ट इथे संपली असती.

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भाग महार आणि मांग समाजांतला. ज्यांना देवळाच्या पायरीपाशी थांबवलं जायचं, विहिरीवर पाणी भरू दिलं जायचं नाही, अशी माणसं. अशा काळात प्रभुभोजनाच्या वेळी एकच भाकर मोडून वाटायची आणि एकाच प्याल्यातून सगळ्यांनी प्यायचं... आपल्याला आज हा साधा विधी वाटतो. तेव्हा ती सरळसरळ क्रांती होती.

ती किती अवघड होती, हे वाचायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढा. नवऱ्याच्या मागोमाग काही वर्षांनी त्या आल्या, पण सोवळं सुटता सुटत नव्हतं. दुसऱ्याच्या हातचं पाणीही नको. मग मनाशी झगडून एक दिवस त्यांनी ठरवलं, की हे भेद देवाने केलेलेच नाहीत. कसलीही पोझ न घेता, स्वतःवरच हसत त्या हे सांगतात. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे याच बाईंनी पूर्ण केलं, शाळेचं तोंडही न पाहता.

बाप्तिस्मा घेतला म्हणून जात मनातून पुसली गेली, असं समजायचं कारण नाही. चर्चमध्ये आणि चर्चबाहेर ती लढाई चालूच राहिली. पण दर वेळी ती भाकर मोडली जाते, तेव्हा आठवण तरी होते, की कशाला ‘हो’ म्हटलं होतं!

चप्पल बाहेर, आरती आत

कॅथलिकांकडे हा बदल वरून आला, थेट रोमहून. शतकानुशतकं मिस्सा लॅटिनमध्ये चालायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषेला दार उघडलं. आणि 1969 मध्ये भारतासाठी 12 गोष्टींना मान्यता मिळाली. चप्पल बाहेर काढणं, जमिनीवर बसणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून लवून नमस्कार, पंचांग प्रणाम, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, आरती. यादी वाचली तर वाटतं, आपल्या आजीनेच लिहून दिली की काय!

श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव आहे. एकेकाळचं साखर कारखान्याचं गाव. तिथे दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. मतमाउली म्हणजे येशूची आई मारिया. नावातच बघा, ‘माउली’. नवस बोलणं, नवस फेडणं, पोरांना खांद्यावर घेऊन चालणं, रांगेत तिष्ठणं... जत्रेचं सगळं गणित आपल्या ओळखीचं. आणि रांगेत फक्त ख्रिस्ती नसतात, हे वेगळं सांगायला नको.

कोंबडीची बोली

खेड्यातल्या मंडळ्यांची आणखी एक पद्धत मला मनापासून आवडते. पीक घरात आलं, की उपकारस्तुतीची उपासना. दानाच्या थैलीत नोटाच पडतात असं नाही. कोणी पायलीभर बाजरी आणतं, कोणी वांगी, कोणी अंडी, एखादी आजी पाय बांधलेली जिवंत कोंबडी! प्रार्थनेनंतर बाहेर लिलाव. ज्याने भोपळा दिला तोच बोली लावून शेजाऱ्याचा कांदा घेतो, तोही जास्त भावाने. हसणं-खिदळणं चालू असतं आणि मंडळीच्या खर्चाची सोय होते.

क्यूआर कोड स्कॅन करून दान देणाऱ्या आपल्या पिढीला हे गमतीचं वाटेल. पण यात जे दिलं जातं त्याला हातांचा वास असतो.

आणि आपण?

आता खरा प्रश्न. या सगळ्या घरांतली मुलं आज पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत आहेत. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्येही असतील. रविवारी ती जातात तिथे गिटार असते, ड्रम्स असतात, मोठ्या स्क्रीनवर शब्द झळकतात, तेही बऱ्याचदा इंग्रजीत. यात चूक काय? काहीच नाही. 1860 मध्ये कीर्तन जितकं ‘आजचं’ होतं, तितकीच आज गिटार आहे. आपल्या सुरात गाणं हाच तर नगरचा धडा!

गडबड होते ती दुसरीकडे. स्टेजवरचा बँड इतका सफाईदार होतो, की खाली उभी असलेली माणसं प्रेक्षक होतात. मोबाइल वर जातात, आवाज खाली जातात. कीर्तनात ध्रुपद लोकांनी उचललं नाही तर कीर्तनच अडायचं. भाकर वाटली नाही तर प्रभुभोजनच नाही. कोंबडी कोणी आणली नाही तर लिलाव नाही. या प्रत्येक ठिकाणी तुमच्याशिवाय काम अडतं. उपासना अर्थपूर्ण होते ती इथे. वाद्य कुठलं, हा नंतरचा प्रश्न.

आणि एक छोटीशी काळजी. आजींना पाठ असलेले अभंग नातवाला येत नाहीत. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा त्यांना एक म्हणायला लावा. फोनवर रेकॉर्ड करा, हरकत नाही. पण रेकॉर्डिंग थांबवून दुसऱ्यांदा त्यांच्याबरोबर म्हणाही. चाल चुकली तर त्या सांगतील.

वीकएंडला नगरला निघालाय?

* उपासनेला कोणीही बसू शकतं. खेड्यात असाल तर दाराशी चपला दिसतात का बघा. दिसल्या तर तुमच्याही तिथेच.
* फोन सायलेंट. फोटो काढायचे तर आधी पाळकांना किंवा फादरना विचारा.
* प्रभुभोजन किंवा मिस्सातला प्रसाद हा त्या मंडळीतल्या लोकांसाठी असतो. त्या वेळी जागेवर शांत बसलात तर कोणी वाईट मानत नाही.
* हरेगावची यात्रा सप्टेंबरात. गर्दीची तयारी ठेवा.
* एसटीत वाचायला ‘स्मृतिचित्रे’. हसू आवरलं नाही तर जबाबदारी तुमची!