एसटीची सवलत: कार्ड, पास आणि फेरी यांचा हिशेब समजून घ्या

नांदगाव पेठची आपली मुलं-मुली शिकायला रोज अमरावतीला जातात, तर अमरावतीची माणसं नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कामाला येतात. पीएम मित्रा टेक्सटाईल पार्कचे भूमिपूजन 20 सप्टेंबर 2024 रोजी झाले, त्यामुळे ही ये-जा वाढतच जाणार. अशा वेळी एसटीचे भाडे कसे ठरते आणि सवलत कोणाला मिळते, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे.

एसटीचे भाडे टप्प्यावर ठरते. एक टप्पा 6 किलोमीटरचा. 25 जानेवारी 2025 च्या 14.95 टक्के भाडेवाढीनंतर साध्या बसचा टप्पा 8.70 वरून 10.05 रुपये झाला. म्हणजे 12 किलोमीटरला साधारण 20 रुपये, जाऊन-येऊन 40.

मासिक पासला 20 दिवसांचे भाडे भरून 30 दिवस प्रवास करता येतो, त्रैमासिकला 50 दिवसांचे भरून 90 दिवस. महिन्यात 26 दिवस कामावर जाणाऱ्याचे सुट्या तिकिटांवर 1040 रुपये जातात, पासवर 800. मात्र 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. तोच प्रवास त्यांना 520 रुपयांत होतो. म्हणून कामगार भगिनींनी पूर्ण दराचा पास काढण्याआधी हा हिशेब करावा.

विद्यार्थी पासवर 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे तीन रुपयांतला एकच रुपया भरायचा. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींचा शाळेचा प्रवास मोफत आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट, तर 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 26 ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आहे.

मग स्मार्ट कार्ड कशासाठी? सवलतीची रक्कम राज्य सरकार एसटीला भरून देते. कोणी किती प्रवास केला याची नोंद पक्की असावी, हा कार्डामागचा विचार. 2019 मध्ये एसटीने सवलतधारकांसाठी आधारशी जोडलेले कार्ड आणले, पण सक्तीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. कारण उघड आहे. आधारवर जन्मतारीख चुकलेली, मोबाईल जोडलेला नाही, बोटांचे ठसे पुसट झालेले, अशी माणसं गावोगावी आहेत. त्यातही मोलमजुरी करणारे म्हातारे जास्त. हक्क कायम राहतो, पण कागदाअभावी तो हातात पडत नाही.

आणखी एक गोष्ट. कार्ड खिशात असले तरी बसच आली नाही तर सवलत शून्य. ऑटोत ना अर्धे तिकीट, ना विद्यार्थी पास. फेरी रद्द झाली की गरिबाची सवलतही त्या दिवसापुरती रद्द होते. म्हणून कार्डाइतकाच फेऱ्यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे.

तरुणांनी तीन कामे हाती घ्यावीत. रविवारच्या वंदनेनंतर विहारात ज्येष्ठांचे आधार तपासून चुकांची यादी करावी. सत्र सुरू होताच विद्यार्थ्यांचे पासचे अर्ज एकत्र भरून घ्यावेत. कॉलेज आणि कंपनीच्या पाळीच्या वेळा लिहून, ग्रामसभेच्या ठरावासह आगार व्यवस्थापकांना निवेदन द्यावे आणि त्याची पोच जपून ठेवावी.

भाड्याला पैसे नाहीत म्हणून वस्तीतल्या एकाही मुलीचे कॉलेज सुटता कामा नये. जय भीम!