शेऱ्याचा रकाना

नवं फॅट मशिन आल्यावरही शिरोळ तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांनी जुनं लगेच काढून टाकलं नाही, असं ऐकलं आणि त्यांचं काम बघायला मी पहाटे संकलन केंद्रावर गेले. किटल्या येत होत्या. ढवळणं, नमुना, वजन, फॅट, डिग्री, पावती असं भराभर चाललं होतं.

"एक बिलभर दोन्ही मशिनं चालवली," सचिव म्हणाले. म्हणजे दहा दिवस प्रत्येक नमुना दोनदा तपासला. नव्यावर फॅट सरासरी तीन पॉइंट कमी लागत होती. जुन्यावर 6.8, तर नव्यावर 6.5.

खरं कोण, हे त्यांनी गर्बर पद्धतीनं ठरवलं. ती तपासणी त्यांनी मलाही करून दाखवली. काचेच्या नळीत 10 मिली सल्फ्युरिक अ‍ॅसिड, त्यावर अलगद 10.75 मिली दूध, मग 1 मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवताच दूध तपकिरी झालं आणि फडक्यातूनही नळीचा चटका बसू लागला. अल्कोहोलचा उग्र वास घशात बसला. सेंट्रिफ्यूजमधून निघालेली नळी गरम पाण्यात ठेवून, मग डोळ्यांसमोर धरून त्यांनी पिवळ्या थराचा आकडा दोनदा वाचला. जुनं मशिनच तीन पॉइंट चढं दाखवत होतं.

तरी जुन्या नोंदींना त्यांनी हात लावला नाही. "मागचं खोडायचं न्हाई. खोडलं की इश्वास गेला." शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं तारीख, 'मशिन बदललं' आणि फरक एवढंच लिहिलं. ते तीन पॉइंट तिथं नसते, तर वर्षानं रजिस्टर बघणाऱ्याला गावातल्या सगळ्या म्हशींची फॅट घसरलेली दिसली असती. मग दोष वैरणीवर गेला असता, किंवा पाणी घातल्याचा संशय कुणा गरिबावर.

एक म्हातारी पावती बघून थबकली. "माझ्या म्हशीला काय झालंय रं?"

"म्हशीला काय बी झालं न्हाई मावशी, मशिन बदललंय." त्यांनी गेल्या वर्षीच्या याच बिलाचं पान काढून तिला समजावलं. याच बिलाचं, कारण म्हशी बहुतेक पावसाळा ते हिवाळ्यात वितात. डिसेंबरचं दूध मे महिन्याशी ताडून पाहिलं तर फक्त ऋतू कळतो. लिटरशेजारी ते त्या दिवशी दूध घातलेल्या उत्पादकांची संख्याही लिहितात, म्हणजे दूध वाढलं की माणसं वाढली, हे कळतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते ऑगस्ट 2019 चं पान. तिथं शून्य नाही. आडवी रेघ, आणि शेऱ्यात 'महापूर, संकलन बंद'. शून्य धरलं असतं तर सरासरी कोसळली असती. म्हशी तर त्या दिवसांतही दूध देतच होत्या.

संगणकावर हिशेब नेताना ज्या संस्थांनी शेऱ्याचा रकाना गाळला, त्यांनी तो परत घ्यावा. आणि मशिन बदलताना निदान एक बिलभर दोन्ही चालवावीत.