बारा कलमे आणि एक पदवी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीत मावसभाऊ घरी आला होता. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याची प्रात्यक्षिकाची वही सहज चाळताना पहिल्याच पानावर बारा कलमांची एक यादी छापलेली दिसली. तीत गणित आणि विज्ञान होतेच. पण समाज, पर्यावरण, नीतिमत्ता, लेखन-भाषण असेही शब्द होते. "हे काय रे?" असे विचारले, तर म्हणाला, "ते असतंच छापलेलं. कोण वाचतंय!" मावशीच्या आणि आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेले आम्ही दोघेच पहिले. त्याचे कौतुक होते आणि मला "गुण कमी पडले का गं?" असे विचारले जाते. म्हणूनच की काय, ती यादी मी वाचली आणि ती आली कोठून याचा शोधही घेतला.

या यादीचे मूळ 1989 साली झालेल्या 'वॉशिंग्टन करारा'त आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या सहा देशांतील अभियांत्रिकी संस्थांनी तो केला. प्रश्न साधा होता. एका देशात शिकलेला अभियंता दुसऱ्या देशात गेला, तर त्याच्या पदवीवर विश्वास कसा ठेवायचा? प्रत्येकाचा एकेक विषय तपासत बसणे शक्य नव्हते. तेव्हा असे ठरले की, ज्या अभ्यासक्रमाला तुमच्या देशातील अधिकृत संस्थेने तपासून मान्यता दिली, तो आम्ही आमच्याच अभ्यासक्रमाच्या तोडीचा मानू. भारताच्या वतीने 'नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन' ही संस्था 2014 साली या कराराची पूर्ण सदस्य झाली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा करार कोणाला नोकरी देत नाही, व्हिसा देत नाही, व्यवसायाचा परवानाही देत नाही. तो फक्त पदवीची बरोबरी मान्य करतो. पुढची वाट ज्याची त्याने चालायची असते.

पण या बरोबरीसाठी अभ्यासक्रम रचण्याची रीतच बदलावी लागली. पूर्वी 'काय शिकवले' हे मोजले जाई: किती विषय, किती तास, किती प्रयोगशाळा. आता 'विद्यार्थ्याला काय करता येते' हे आधी ठरवायचे आणि तेथून उलट मागे यायचे. पदवीधराच्या अंगी कोणते गुण हवेत, ते कोणत्या विषयातून येतील, त्या विषयात कोणते पाठ व प्रयोग हवेत आणि परीक्षेतला कोणता प्रश्न ते तपासील, असा हा क्रम आहे. विषय आणि गुण यांचा संबंध एका तक्त्यात 1, 2 किंवा 3 असा अंक देऊन दाखवतात. 3 म्हणजे घट्ट संबंध, 1 म्हणजे जेमतेम.

करारातील देशांनी 2013 साली ठरवलेल्या यादीत असे बारा गुण होते. त्यांतील पहिले पाच उघडच तांत्रिक आहेत: मूलभूत ज्ञान, प्रश्नाचे विश्लेषण, रचना, संशोधन आणि आधुनिक साधनांचा वापर. उरलेले सात मात्र असे: समाजाचे भान, पर्यावरण, नीतिमत्ता, इतरांसह काम करणे, संवाद, प्रकल्पाचे व पैशाचे नियोजन आणि आयुष्यभर शिकत राहणे. 2021 साली समाज व पर्यावरण ही दोन कलमे एकत्र करून यादी अकरांची झाली. आशय तोच राहिला.

हे सात गुण शोभेसाठी घातलेले नाहीत. 1999 साली अमेरिकेचे मंगळाभोवती फिरण्यासाठी पाठवलेले एक यान नष्ट झाले. जमिनीवरील एका गटाची आज्ञावली आकडे पौंडाच्या मापात देत होती आणि दुसरा गट ते न्यूटनच्या मापातले समजत होता. गणित दोघांनाही येत होते. चौकशीत मापाच्या चुकीबरोबरच गटागटांतील अपुऱ्या संवादावरही बोट ठेवले गेले. एकाच देशात असे घडते, तर चार देशांतील माणसे मिळून एक यंत्र बनवतात तेथे काय होत असेल?

आता आपल्याकडे पाहू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात एकूण 160 श्रेयांकांपैकी मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे व व्यवस्थापन यांना मिळून 12 श्रेयांक होते. हे गुण प्रकल्पातून आणि इतर विषयांतूनही येऊ शकतात हे खरे. पण ते तेथे खरोखर शिकवले जातात की तक्त्यात नुसता अंक भरला जातो? "ते असतंच छापलेलं" या उत्तरात बरेच काही आले.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. 2014 साली सदस्यत्व मिळाले तेव्हा कराराचा लाभ पहिल्या श्रेणीतील, म्हणजे विद्यापीठे व स्वायत्त महाविद्यालये यांच्या अधिमान्य अभ्यासक्रमांपुरताच ठेवला गेला. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय स्वतःचा अभ्यासक्रम स्वतः आखत नाही. मग आखणीची जबाबदारी ते कशी घेणार, हे त्यामागचे तर्कशास्त्र. तर्क बरोबर असेल, पण तालुक्याच्या गावची मुले जातात ती बहुधा अशाच महाविद्यालयांत. भावाचे महाविद्यालयही संलग्नच आहे. प्रवेश घेताना हा फरक त्याला कोणी सांगितला नाही आणि घरात विचारावे असे कोणी नव्हते.

भाषेचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. 2021 सालापासून काही महाविद्यालयांना भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा मिळाली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू झाली. मग परदेशी कसे जाणार, अशी शंका घेतली गेली. माझ्या मते विषय आपल्या भाषेत पक्का समजणे आणि परक्या भाषेत तो सांगता येणे ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही करावी लागतील. एकामुळे दुसरे टळत नाही.

आता गुरुजनांना एक नम्र विनंती. शेजारच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या भाषा, अर्थशास्त्र व तत्त्वज्ञान विभागांनी वर्षातून काही तास घ्यावेत, आणि आम्हीही त्यांच्या कार्यशाळेत जाऊन यावे. मित्रहो, त्या बारा कलमांतली सात आपल्या वर्गांतून जातात. ती कोणीतरी वाचली पाहिजेत. भावाला मी आता सांगितले आहे, "पुढच्या वेळी ते पान घेऊन ये. आपण दोघे मिळून वाचू."