गप्पांचा दुभाष्या

वर्गात भाषाशास्त्र शिकवताना 'पिजिन' हा शब्द आला की मी क्षणभर थांबतो. मुलांना वाटते, सर व्याख्या आठवीत आहेत. व्याख्या सोपी आहे : एकमेकांची भाषा न कळणारे लोक व्यापारउदिमासाठी एकत्र आले की त्यांच्यात जी कामचलाऊ बोली तयार होते, ती पिजिन. मला आठवत असते ती २००५ सालची दिवाळी.

त्या वर्षी दादा न्यू जर्सीला होता आणि ताई बंगळूरला. परदेशी फोन महाग. संगणकावर टंकून गप्पा मारणे ही मोठीच पर्वणी वाटे. पण दादा एओएलच्या निरोप्यावर, तर ताई याहूच्या. इकडची हाक तिकडे जात नसे. टपालाचे कसे असते पाहा! पुण्यात पेटीत टाकलेले पत्र न्यू जर्सीचा पोस्टमन मुकाट्याने घरी पोचवतो. देशोदेशींच्या टपालखात्यांनी १८७४ साली बर्नला तसा करारच केला आहे. गप्पांच्या मालकांना मात्र गिऱ्हाईक आपल्याच अंगणात हवे होते. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या मेसेंजरमधून एओएलच्या मंडळींशी बोलण्याची वाट काढली. एओएलने ती बुजवली. यांनी नवी काढावी, त्यांनी तीही बुजवावी, असा खेळ बरेच दिवस चालला. अडचण यंत्राची नव्हतीच.

या दुकानदारीवर एक तोड निघाली होती. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने १९९८ मध्ये 'गेम' नावाची आज्ञावली लिहिली. (नाव गेम, पण खेळाशी संबंध नाही.) ती आधी एओएलपुरतीच होती, पण तिची संहिता सर्वांना खुली असल्याने ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी तीत भर घातली आणि याहू, एमएसएन, आयसीक्यू अशा सगळ्यांशी ती बोलू लागली. अनेक सेवांचे व्याकरण मालक गुप्त ठेवीत. मग ही मंडळी जाणारे-येणारे निरोप न्याहाळून ते ताडीत. कोशावाचून अनोळखी भाषा शिकणाऱ्या अभ्यासकाचेच हे काम. मला त्याचे आजही कौतुक वाटते. नावावरून एओएलशी वाद झाला, तो मिटवताना २००७ मध्ये नाव बदलले : 'पिजिन'. इतके चपखल नाव भाषेच्या प्राध्यापकालाही सुचले नसते!

एका मित्राने ही आज्ञावली आमच्या संगणकावर बसवून दिली. दोन्हीकडे खाते मात्र काढावे लागले; म्हणजे दुभाष्या माझ्यापुरता. दादा आणि ताई एकमेकांना दिसत नव्हतेच. रात्री आठला मी बसे, पडद्यावर दोन चौकटी, पाठीशी आई. दादाचे वाक्य उचलून ताईच्या चौकटीत टाकायचे, ताईचे दादाच्या. सारे मराठी रोमन अक्षरांत, म्हणून आईला वाचूनही दाखवायचे. आई सांगे, "त्याला म्हणावं, चकल्या मऊ पडल्या असतील तर तव्यावर जरा गरम कर." ताई विचारी, "आईनं मला का नाही पाठवल्या?" आणि मी घामाघूम!

खरा उपाय वेगळाच होता. जेरेमी मिलर याने १९९९ मध्ये 'जॅबर' जाहीर केले. त्यात एका सेवेने दुसरीकडे निरोप सोपवायचा, थेट टपालासारखा. २००६ मध्ये गूगलने आपल्या गप्पांचे दार अशा सेवांना उघडले. २०१३ मध्ये हँगआउट्स आणले, त्यात मात्र ती सोय ठेवली नाही. मोठे झालेल्यांना शेजार नकोसा होतो. आज आमचे सारे कुटुंब व्हॉट्सॲपवर आहे, एक भाचा सोडून. तो 'सिग्नल'वर असतो, आणि त्याचे निरोप पुन्हा मीच इकडून तिकडे नेतो. युरोपात २०२२ च्या कायद्याने असल्या बड्यांना परक्या सेवांचे निरोप स्वीकारणे भाग पाडले आहे. आपल्याकडे तो लागू नाही.

एओएलचा निरोप्या २०१७ मध्ये बंद झाला, याहूचा २०१८ मध्ये. आई २०११ सालीच गेली. पण त्या आज्ञावलीची एक सवय होती : प्रत्येक दिवसाच्या गप्पा ती आपल्याच संगणकावर, साध्या मजकुरात, तारीखवार लिहून ठेवी. गेल्या आठवड्यात जुन्या चकतीवरून त्या सगळ्या नव्या यंत्रावर उतरवून घेतल्या. चकल्या गरम करण्याचा निरोप तिथे आहे, रात्री आठ वाजून बारा मिनिटांचा. त्याखाली दादाचे उत्तर :

"संपल्या."