तारेपलीकडचे संसार
लेखांक पाचवा : अकोले तालुक्यातील डांगाणाची साक्ष

विजेची तार, नळाची जोडणी आणि गॅसची टाकी यांच्यावाचून संसार करता यावा, अशी जी आकांक्षा मुंबई, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे बळावत चालली आहे, तिच्या कारणांचा विचार आपण मागील लेखांकात केला. प्रवासात सरणारे आयुष्य, महिन्याअखेरीस हाती न उरणारी मिळकत, श्वासाला जड झालेली हवा आणि टाळेबंदीच्या काळात प्रत्येकाला जाणवलेले परावलंबन ही ती कारणे खरी आहेत आणि त्यांतून उपजलेली ओढ आदरास पात्र आहे. परंतु आकांक्षा कितीही शुद्ध असली, तरी तिची पारख एखाद्या प्रत्यक्ष भूमीवर, तिथल्या पावसाच्या, उन्हाच्या आणि माणसांच्या हिशेबाने झाल्यावाचून तिचे बळ कळत नाही. म्हणून आज आपण अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्याच्या डांगाणात, म्हणजे तेथील डोंगराळ, अतिवृष्टीच्या पट्ट्यात, जाऊ.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च, १६४६ मीटर उंचीचे शिखर याच तालुक्यात आहे. रतनगडाच्या परिसरात प्रवरा उगम पावते आणि हरिश्चंद्रगडाच्या बाजूने मुळेचे खोरे उघडते. या डोंगरउतारांवर महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. खाचरांत भात, वरकस जमिनीवर नागली आणि वरई, रानातून हिरडा व रानभाज्या, आणि गोठ्यात अतिवृष्टीला न डगमगणारी डांगी जनावरे, एवढ्या सामग्रीवर इथली घरे उभी राहिली. ज्या जीवनपद्धतीकडे शहरातील मन आज नव्याने वळू पाहते, तिचा दीर्घ अनुभव या प्रदेशाजवळ आहे. आणि जे आज स्वेच्छेने वर्ज्य करण्याची भाषा निघते, ते कित्येक वाड्यांना फार काळ मागूनही मिळाले नव्हते, हेही त्याच अनुभवाचे अंग आहे.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेचे पाणी कालव्यांनी खालच्या सपाटीवरील उसापर्यंत पोहोचले. पुढे याच पाण्यावर वीजगृहे उभी राहिली. आणि २००८ साली घाटघर येथे २५० मेगावॉट क्षमतेचा उदंचन जलविद्युत प्रकल्प कार्यान्वित झाला. या प्रकल्पाची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने मननीय आहे. विजेची मागणी वाढली की घाटमाथ्यावरील जलाशयाचे पाणी कोकणच्या बाजूस खाली सोडून वीज निर्माण करावयाची, आणि मागणी उतरली की शिल्लक विजेने तेच पाणी पुन्हा वर चढवावयाचे. चढविण्यास लागणारी वीज उतरताना मिळणाऱ्या विजेहून अधिक असते, तरीही हा व्यवहार पत्करला जातो, कारण वीज निर्माण करण्याइतकेच ती हव्या त्या घटकेसाठी राखून ठेवणे मोलाचे आहे. राज्याच्या विशाल यंत्रणेला जी साठवणीची विवंचना आहे, तीच तार तोडू पाहणाऱ्या एकट्या घराला अधिक तीव्रतेने भेडसावते.

त्या घराचा हिशेब मांडून पाहू. नऊ वॉटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास, तीस वॉटचा काटकसरी पंखा आठ तास आणि दोन मोबाईलची भरणी, एवढीच गरज धरली तर दिवसाला सुमारे ४५० वॉट-तास वीज लागते. ३३० वॉटचे एक सौर पॅनेल निरभ्र दिवशी, सर्व घट वजा जाता, सुमारे एक युनिट म्हणजे या गरजेच्या दुप्पट वीज देते. उन्हाळ्यात कोणालाही हा व्यवहार किफायतीचा वाटेल. आषाढ-श्रावणात मात्र डांगाणात आठवडेच्या आठवडे धुके आणि पाऊस यांनी आभाळ झाकलेले असते, आणि पॅनेलचे उत्पन्न अल्पांशावर येते. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत कागदोपत्री १८०० वॉट-तास मावतात. तथापि तिचे आयुष्य राखावयाचे तर त्यांतील निम्मेच वापरावे लागतात. म्हणजे दोन दिवसांची बेगमी झाली. तिसऱ्या दिवसापासून पंखा बंद, चौथ्या दिवसापासून एकच दिवा, अशी शिस्त घरातील लहानथोरांनी आनंदाने पाळली तरच हा संसार टिकतो. आणि काही वर्षांनी ती बॅटरी बदलावी लागते, तेव्हा कारखाना, दुकानदार आणि दुरुस्ती करणारा मिस्त्री यांच्याशी असलेला संबंध पुन्हा जागा होतो.

पाण्याचा हिशेब याहून उद्बोधक आहे. ज्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात जमीन दिसेनाशी होते, तिथेच चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी स्त्रियांना दरी उतरावी लागते, कारण कठीण बेसॉल्ट खडकात पाणी मुरण्यास जागा थोडी, उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ. आलेला पाऊस वाहून जातो आणि झरे उन्हाळ्याच्या तोंडी आटतात. पाच माणसांच्या घरास पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला ४० लिटर धरले, तर टंचाईच्या १२० दिवसांना ४८०० लिटर लागतात. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. त्या हिशेबाने ४० चौरस मीटरच्या छपरावर १५० मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी नेमके तेवढेच पाणी हाती येते. घाटमाथ्यावर एवढा पाऊस कधी कधी एका दिवसात पडतो. तेव्हा उणीव पावसाची नसून टाकीची आहे, आणि बंदिस्त, स्वच्छ, न गळणारी टाकी बांधण्याच्या खर्चाची आहे.

इंधनाच्या बाबतीत गोबरगॅसचा पर्याय नेहमी सुचविला जातो, आणि तो उत्तमच आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि ते कालविण्यास साधारण तेवढेच पाणी. दिवसभर रानात चरणाऱ्या डांगी जनावरांचे बरेचसे शेण रानातच पडते, म्हणून एका जोडीवर हे संयंत्र चालणे कठीण. आणि वैशाखात ज्या घरी पिण्याचे ४० लिटर पाणीच कष्टाने येते, तिथे संयंत्रासाठी आणखी ५० लिटर कोण आणणार, हा प्रश्न कागदावरील आराखड्यात सहसा दिसत नाही. मग चूल उरते, सरपणाचा भारा उरतो आणि धुराने चुरचुरणारे डोळे उरतात. साधेपणाचा हा भार बहुधा घरातील स्त्रीच्या खांद्यावर पडतो, हे स्वयंपूर्ण घराचा संकल्प सोडणाऱ्या प्रत्येक पुरुषाने आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

मग या प्रदेशाने इतका काळ निभाव कसा लावला? त्याचे उत्तर याच तालुक्यातील कोंभाळणे गावी मिळते. तेथील राहीबाई पोपेरे यांनी, शाळेचे तोंड न पाहता, गावरान वाणांचे बियाणे जतन करण्याचे जे कार्य केले, त्याचा गौरव २०२० सालच्या पद्मश्रीने झाला; बाएफ या संस्थेचे सहकार्य त्यांना लाभले आणि बीजमाता म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. गावरान बियाण्याची राखण हे निगुतीचे काम आहे. वेलावरच्या निरोगी, भरदार शेंगा खुडण्याआधीच हेरून ठेवावयाच्या, त्या वेलावरच वाळू द्यावयाच्या, दाणे निवडून उन्हे दाखवावयाची, मग चाळलेल्या राखेत ते घोळून, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरावयाचे आणि मडक्याचे तोंड शेणमातीने लिंपून टाकावयाचे, की किडीला आणि दमटपणाला शिरकाव राहत नाही. या साऱ्या खटाटोपास पैशाचा खर्च नाममात्र, परंतु नजर मात्र पिढ्यांची लागते.

आणि हे बियाणे कुलपात राहत नाही. राहीबाईंच्या बीजकोशाची प्रसिद्ध अट अशी, की नेलेल्या बियाण्याच्या दुप्पट बियाणे हंगामानंतर परत करावयाचे. एका घरचा वाण अतिवृष्टीत गेला, तरी तो दुसऱ्या घरी शाबूत असतो. सुरक्षितता साठ्यात जेवढी आहे, तेवढीच ती वाटपात आहे. हेच तत्त्व आवणीच्या दिवसांत सावडीच्या रूपाने प्रकट होते: आज सारे मिळून एकाच्या खाचरात रोपे लावावयाची, उद्या दुसऱ्याच्या, आणि श्रमाचा दिवस श्रमाच्या दिवसानेच फेडावयाचा. रोकड नसलेल्या घराचीही लावणी त्यामुळे वेळेवर उरकते. डांगाणातील कोणतेही घर एकट्याने स्वयंपूर्ण नव्हते. वाडी स्वयंपूर्ण होती, आणि तीही मीठ, लोखंड व कापड यांसाठी बाजाराशी बांधलेली होती.

याच दृष्टीने आपल्या समाजातील दोन उदाहरणे पाहावीत. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. हेमा साने यांनी पुण्याच्या ऐन बुधवार पेठेत विजेवाचून आयुष्य काढले. परंतु त्याच आयुष्यात त्यांनी गरवारे महाविद्यालयात विद्यार्थी घडविले आणि झाडांविषयी मराठी वाचकांना पुस्तकांमागून पुस्तके दिली. दापोली तालुक्यातील कुडावळे येथे दिलीप व पौर्णिमा कुलकर्णी यांनी अल्पगरजांचे जीवन स्वीकारले, आणि ‘गतिमान संतुलन’ या मासिकाच्या द्वारे दूरदूरच्या वाचकांशी आपला विचार जोडून घेतला. दोन्ही ठिकाणी यंत्रांवरील अवलंबन कमी झाले, आणि माणसांशी असलेले देणेघेणे मात्र अधिक अर्थपूर्ण झाले. माझ्या मते या जीवनक्रमाची खरी कसोटी हीच आहे.

म्हणूनच सह्याद्रीत जागा घेऊन एकांतात राहू इच्छिणाऱ्यांना दोन गोष्टी सांगणे अगत्याचे वाटते. पहिली कायद्याची. १९४८ च्या कूळकायद्यान्वये शेतकरी नसलेल्या इसमास, परवानगीवाचून, शेतजमीन खरेदी करता येत नाही. आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस विकावयाची तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६ अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, आणि तिच्यामागे राज्य शासनाची पूर्वमान्यता, आवश्यक असते. शिवाय या डोंगराचा बराच भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याखाली आहे. ‘दस्त दुसऱ्याच्या नावे करू, सातबारा पुढे पाहू’ असे सांगणारे मध्यस्थ भेटतील. त्यांच्या वाटेस जाऊ नये. ही कलमे ज्यांच्या रक्षणासाठी झाली, त्यांच्या हातून जमीन गेली तर शहरातील एका माणसाची मनःशांती दुसऱ्याच्या विस्थापनावर उभी राहील, आणि असली शांती पत्करण्याजोगी नाही.

दुसरी गोष्ट न्यायाची. ज्याच्या घरी वीज आली, मुले तिच्या उजेडात शिकली आणि ज्याला आजारपणात इस्पितळ जवळ होते, त्याने तार सोडणे हा संयम होय. ज्या घरी ती आलीच नाही, तिथे तिचा अभाव हा अन्यायच होय. पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या छोट्या वस्तीत २०१२ साली गावापुरते सौर वीजजाळे उभे राहिले, तेव्हा एकेका घरापेक्षा साऱ्या वस्तीने मिळून वीज निर्माण करण्याचा व वापरण्याचा मार्ग दिसला. डांगाणाच्या परंपरेशी हा मार्ग सुसंगत आहे, कारण त्यात सावडीचेच तत्त्व विजेला लागू झाले आहे.

तात्पर्य, ज्याला या वाटेने जावयाचे असेल त्याने पॅनेल आणि टाकी यांच्या किमती विचारण्यापूर्वी, आपण कोणाच्या आवणीला उभे राहणार आणि आपल्या अडचणीला कोण धावून येणार, याचे उत्तर शोधावे; ते उत्तर शहरातील चाळीत वा सोसायटीतही सापडू शकते, आणि तिथे सापडले तर गच्चीवरील पावसाचे पाणी, ओल्या कचऱ्याचे खत आणि सामायिक सौरवीज यांचा आरंभ उद्याच करता येतो. पुढील लेखांकात गृहनिर्माण संस्थांना असे सामायिक सौरसंच बसविताना येणाऱ्या तांत्रिक व हिशेबी अडचणींचा क्रमवार विचार करू.