शेगावची वाहतूक सुधारायची, तर सुरुवात कुठून?

गावात कोंडी झाली की पहिली मागणी ठरलेली असते, रस्ता रुंद करा. शेगावात तेवढ्याने भागत नाही. 2011च्या जनगणनेत इथली वस्ती साठ हजारांच्या आसपास होती. पण गुरुवारी, रामनवमीला आणि गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला बाहेरून येणारे भाविक या आकड्यात कुठेच नसतात. त्यांना आणि शाळेत, बाजारात जाणाऱ्या गावकऱ्यांना रस्ते मात्र तेच. म्हणून एक सूत्र आधीच धरून ठेवू या : गर्दीच्या दिवसासाठी बंदोबस्त, रोजच्या दिवसासाठी बांधकाम.

पायरी 1 : रस्ता कोणाचा, ते शोधा

गावातले सगळे रस्ते नगर परिषदेचे नसतात. गावातून जाणारा राज्यमार्ग सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो, स्टेशनसमोरची जागा रेल्वेची आणि बसस्थानक एसटी महामंडळाचं. बहुतेक अर्ज इथेच अडकतात, कारण ते भलत्याच कार्यालयात दिलेले असतात. आधी नगर परिषदेच्या बांधकाम विभागात जाऊन नकाशावर मालकी पाहून घ्या.

पायरी 2 : मोजणी करा

मोजणीला महागडी यंत्रं लागत नाहीत. चौकात दोघंजण वही घेऊन बसले तरी पुरे. प्रत्येक वाहनाला एक उभी रेघ, पाचव्याला आडवी. पायी, सायकल, दुचाकी, ऑटो, चारचाकी, बस, ट्रॅक्टर असे वेगळे रकाने आखा आणि दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ सुरू करा.

पंधरा मिनिटंच का? मुंबई-हावडा मार्गावरची गाडी थांबली की स्टेशनबाहेर माणसांचा लोंढा येतो आणि थोड्याच वेळात ओसरतो. दिवसभराची सरासरी काढली तर हा लोंढा आकड्यांत दिसतच नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फक्त गुरुवारी मोजणं. एक साधा वार, एक बाजाराचा दिवस आणि एक गुरुवार असे किमान तीन दिवस घ्या.

पायरी 3 : आकडे नीट वाचा

अभियंते वाहनं ‘पीसीयू’मध्ये मोजतात. पीसीयू म्हणजे एक मोटारगाडी रस्त्यावर जेवढी जागा अडवते, ते माप. इंडियन रोड्स काँग्रेसच्या गावाबाहेरच्या रस्त्यांसाठीच्या कोष्टकात दुचाकीला 0.5, बसला 3 आणि मोठ्या बैलगाडीला 8 पीसीयू धरले आहेत. शहरातल्या रस्त्यांसाठी कोष्टक वेगळं आहे, पण हिशेबाची रीत तीच.

या मापात एक खोच आहे. बस तीन मोटारींची जागा घेते, पण माणसं नेते चाळीस-पन्नास. पीसीयूच्या रकान्यात ती माणसं उमटत नाहीत, पायी चालणारे तर नाहीतच. म्हणून शेजारी ‘माणसं किती’ हा रकाना आपण स्वतः जोडा. 2006च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा भरही वाहनांपेक्षा माणसांची ने-आण सोपी करण्यावर आहे.

पायरी 4 : स्वस्त उपाय आधी

पट्टे मारणं, ऑटोचा थांबा पन्नास पावलं पुढे सरकवणं, एक गल्ली एकेरी करणं ही कामं थोड्या पैशांत होतात आणि चुकली तर बदलता येतात. थांबे आणि वाहनतळ ठरवण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम 117मध्ये आहे. त्यासाठी वाहतूक पोलीस, आरटीओ आणि नगर परिषद यांना एकत्र बसवावं लागतं.

हारफुलांच्या आणि प्रसादाच्या गाड्या हटवल्या की रस्ता मोकळा होतो, पण तो दोन दिवसच. 2014च्या पथविक्रेता कायद्यानुसार हा प्रश्न नगर पथविक्रेता समितीपुढे न्यावा लागतो. समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात. त्यांनी मान्य केलेली जागाच टिकते.

पदपथावर चालायला सलग 1.8 मीटर मोकळी जागा हवी. आराखड्यात ती असते, जागेवर मात्र मध्येच विजेचा खांब उभा असतो. म्हणून टेप लावून खांबापासून कडेपर्यंत मोजा.

पायरी 5 : बसचं वेळापत्रक जुळवा

गजानन महाराज संस्थानच्या मोफत बस भाविकांना स्टेशनवरून मंदिरापर्यंत नेतात, त्यामुळे रस्त्यावरचा भार काहीसा हलका होतो. खामगावला कॉलेजला किंवा दवाखान्यात जाणाऱ्याला मात्र एसटीच लागते. मागणी करताना ‘बस वाढवा’ एवढंच लिहू नका. कोणत्या वेळी, कोणत्या थांब्यावर, किती जण उभे असतात ते मोजणीतून उचलून आगारप्रमुखांना द्या.

पायरी 6 : विकास आराखड्यावर नजर ठेवा

विकास आराखडा म्हणजे पुढच्या वीसेक वर्षांत रस्ते, बाजार, वाहनतळ कुठे होणार, याचा कायदेशीर नकाशा. 1966च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार त्याचं प्रारूप, म्हणजे कच्चा मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. ती अनेकांच्या नजरेतून सुटते आणि घरावर रेघ आल्याचं मुदत संपल्यावर कळतं. हरकत लेखी द्या, सोबत गट क्रमांक आणि नकाशाची प्रत जोडा, पोच घ्या.

रस्त्यासाठी जागा आरक्षित झाली म्हणजे रस्ता झाला, असं नाही. 10 वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण सुटतं.

पायरी 7 : निधी आणि कामांचा क्रम

मोठ्या कामांसाठी नगरोत्थान अभियान किंवा जिल्हा नियोजन समितीचा निधी मिळू शकतो. पैसा आला की घाई होते. सिमेंटचा रस्ता आधी होतो, आणि वर्षभरात तोच पाइपलाइनसाठी फोडतात. आधी गटार आणि जलवाहिनी, मग केबल, शेवटी काँक्रीट, हा क्रम निविदा निघण्यापूर्वीच लेखी मागा.

आणि महाराजांच्या पालखीचं काय? पंढरपूरच्या आषाढी वारीहून परतताना खामगावहून शेगावपर्यंत हजारो लोक पालखीसोबत चालतात. त्यासाठी कायमचा रस्ता दुप्पट करायची गरज नसते. त्या दिवशी वाहनं वळवणं, पाणी आणि गावाबाहेर तात्पुरतं वाहनतळ एवढ्यावर निभावतं.

काम पूर्ण झाल्यावर त्याच चौकात, त्याच वारी पुन्हा मोजा. आधीचा आणि नंतरचा कागद शेजारी ठेवून नगर परिषदेत द्या. पुढच्या कामाची मागणी करताना हाच आपला सर्वात भक्कम पुरावा असेल.